आपल्या माणसांसाठी नवा पदार्थ : देश, काल, पात्र

सुट्टीच्या दिवशी एखादी नवी पाककृती वाचनात येते आणि मनात येते, ‘आज घरच्यांसाठी हे करून पाहू या.’ विचार चांगलाच आहे. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांना स्वतःच्या हाताने काही करून वाढावे, यात सेवा आहे आणि आनंदही आहे. पण ओट्यापाशी उभे राहण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारू या : हा पदार्थ मी कोणासाठी करत आहे? ज्यांना वाढणार त्यांच्यासाठी, की ‘वा, छान!’ ऐकण्यासाठी, की फोटोसाठी?

या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे पदार्थ बदलतो. साहित्य बदलते, साखर-तिखटाचे प्रमाण बदलते, करण्याची वेळही बदलते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते बहुतेकांना माहीत असतात. त्याच अध्यायात पुढे, २० ते २२ या श्लोकांत, दानाचेही तीन प्रकार आहेत. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची आशा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, नाहीतर कुरकुरत दिलेले ते राजस. अवेळी, अस्थानी, अनादराने दिलेले ते तामस. घरच्यांना वाढलेले ताट म्हणजे दक्षिणा नव्हे, पण तेही देणेच आहे. म्हणून देश, काल आणि पात्र ही कसोटी आज आपण स्वयंपाकघरात लावून पाहू.

देश : आपण कुठे राहतो?

हा लेख झाशीहून लिहीत आहे, म्हणून उदाहरणही इथलेच घेते. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले. पुढे नेवाळकरांच्या काळात मराठी वस्ती इथे स्थिरावली. १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला, ते आजही इथल्या मराठी घरांचे श्रद्धास्थान आहे. कोकणातून आणि देशावरून आलेल्या या माणसांच्या परसात इथे ना नारळ होता, ना कोकम. बुंदेलखंडाने दिले ते गहू, हरभरा, आवळा, शिंगाडा आणि मोह.

नवी पाककृती निवडताना आपण बहुधा याच्या उलट करतो. दूरच्या देशातले चीज, डबाबंद फळे, महागडे चॉकलेट यांची यादी करून बाजारात जातो. एखादी वस्तू मिळाली नाही की हिरमोड होतो. त्याऐवजी दारात काय आहे ते आधी पाहा. आमसुलाच्या साराची आठवण येत असेल, तर बुंदेलखंडात आवळ्याची कढी करतात, ती शिकून घ्या. आवळा परतून ठेचायचा आणि बेसनाच्या फोडणीच्या पातळ कढीत शिजवायचा. आंबटपणा वेगळा लागतो, पण भातावर तितकाच शोभतो. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली गळतात. ती वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून इथल्या घरी लाडू करतात. मोहात स्वतःचीच पुष्कळ साखर असते, त्यामुळे वरून गोड फारसे लागत नाही. शेजारच्या काकींना विचारलेत तर कृती मिळेल आणि चार गोष्टीही कळतील. नवा पदार्थ शेजारच्या घरातूनही येऊ शकतो.

काल : ही वेळ योग्य आहे का?

मे-जूनमध्ये झाशीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसात लोण्याच्या क्रीमचा केक सजवायला घेतला तर क्रीम वितळून ओघळणारच. यीस्ट घातलेले पावाचे पीठ उन्हाळ्यात फार लवकर फुगते आणि जास्त वेळ राहिले तर आंबूस वास येतो. अशा वेळी यीस्ट कमी घ्यावे, थंड पाण्याने मळावे आणि घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष ठेवावे. श्रीखंडाचा चक्का रात्रभर बाहेर टांगला तर सकाळपर्यंत आंबट होतो, म्हणून तो चाळणीत घालून फ्रीजमध्ये निथळू द्यावा. जानेवारीत नेमके उलटे होते. तेव्हा इडलीचे किंवा ढोकळ्याचे पीठ फुगतच नाही. भांडे जुन्या शालीत गुंडाळून उबेला ठेवावे लागते.

काळ म्हणजे ऋतूइतकाच घरातला प्रसंगही. कोणाचा उपवास असेल त्या दिवशी त्यांच्यासमोर पिझ्झा भाजायला घेऊ नये. आणि उपवासाचा नवा पदार्थ करायचा असेल, तर पीठ ताजे आहे ना, ते आधी पाहावे. नवरात्रात कुट्टूच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उत्तर भारतात येत असतात. जुने, ओलसर जागी राहिलेले पीठ हे त्याचे एक नेहमीचे कारण. शिंगाडा असो की राजगिरा, पीठ थोडेच आणावे, वास घेऊन पाहावा आणि शंका आली तर टाकून द्यावे. श्रद्धेने केलेला उपवास कोणाच्या आजारपणाचे निमित्त होऊ नये.

आणखी एक : पाहुणे जेवायला येणार त्याच दिवशी एखादा पदार्थ पहिल्यांदा करू नये. दोन दिवस आधी निम्म्या प्रमाणात करून पाहावा.

पात्र : कोणाच्या ताटात पडणार?

तीन कसोट्यांमध्ये ही सर्वांत महत्त्वाची, आणि आपण सर्वांत जास्त विसरतो तीही हीच. आजींना मधुमेह आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते. तरी नातीने पहिल्यांदा केक केला म्हणून आजी एक तुकडा घेतात. नातीचा चेहरा उजळतो, म्हणून दुसराही घेतात. इथे आजी आपल्यावर प्रेम करत असतात आणि त्याची किंमत त्यांचे शरीर मोजत असते. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याचा विचार वाढणाऱ्यानेच आधी करायला हवा.

काही समजुतीही तपासून घेऊ :

– ‘साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला, म्हणजे मधुमेहींना चालतो.’ असे नाही. गूळ आणि मध यांनीही रक्तातली साखर वाढते.

– ‘उपवासाचे म्हणजे पथ्याचे.’ साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टमय असतो. मधुमेह असलेल्यांनी तो बेतानेच खावा.

– ‘मध लहानग्यांना चांगला.’ एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. वडीलधाऱ्यांनी प्रेमाने बोट पुढे केले, तर आदराने समजावून सांगा.

– ‘कमी सोडियमचे मीठ सर्वांना बरे.’ त्यात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

– शेंगदाणे, काजू, दूध किंवा गहू कोणाला सोसत नसेल, तर ‘थोडेसेच आहे’ म्हणून आग्रह करू नये.

म्हणून बाजाराची यादी करण्याआधी माणसांची यादी करा. कोणाला दात नाहीत, कोणाला तिखट सोसत नाही, कोणाची परीक्षा आहे, कोणाला बरेच दिवसांत कोणी काही विचारलेलेच नाही. या यादीतूनच पदार्थ सुचतो.

पात्र या शब्दाचा दुसरा अर्थ भांडे. इथे मुक्ताबाईंची कथा आठवते. त्यांना भावंडांसाठी मांडे करायचे होते, पण भाजायला खापर नव्हते. विसोबांनी कुंभाराकडून ते मिळू दिले नाही आणि मुक्ताबाई रडत परतल्या. मग ज्ञानेश्वरांनी योगसामर्थ्याने आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, असे परंपरा सांगते. आपल्या लक्षात चमत्कार राहतो. आजच्या विषयासाठी त्या घरातले नाते पाहण्यासारखे आहे. बहिणीने भावंडांना काय आवडेल ते जाणले. तिला अडचण आली, तेव्हा ‘जाऊ दे, नको मांडे’ एवढेच म्हणून भाऊ थांबला नाही. त्याने स्वतःला पुढे केले. ज्यांच्यासाठी पदार्थ करायचा त्यांनाही कामात सामील करून घ्यावे, हे या कथेतून घेण्यासारखे आहे. बुंदेलखंडातही तापवलेल्या मातीच्या भांड्यावर मैद्याचे मांडे भाजतात. महाराष्ट्रापासून इतक्या दूरही तो शब्द आपल्याला भेटतो.

करून पाहा : कढईतला गव्हाच्या पिठाचा केक

घरात ओव्हन नसला तरी चालेल. साहित्य : गव्हाचे पीठ दीड वाटी, बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी, ताजे दही पाऊण वाटी, तेल अर्धी वाटी, दूध सुमारे अर्धी वाटी, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, वेलची पूड आणि चिमूटभर मीठ.

जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरा, त्यावर छोटी जाळी किंवा वाटी ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. तोवर गूळ दह्यात पूर्ण विरघळवून त्यात तेल घाला. पीठ, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळा. वेलची घाला. दूध थोडे थोडे घाला. गव्हाच्या पिठात कोंडा असल्याने ते मैद्यापेक्षा जास्त ओलावा पिते. दह्यातला आंबटपणा सोड्याला भेटला की लगेच वायूचे बुडबुडे सुटतात आणि त्यांनीच केक फुगतो. म्हणून मिश्रण तयार झाल्यावर ठेवून देऊ नका. तेल-पीठ लावलेल्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरा आणि कढईत ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटे भाजा. पहिली ३० मिनिटे झाकण उघडू नका. आतली ऊब गेली की अर्धवट शिजलेला केक मध्येच बसतो. सुरी घालून पाहा, कोरडी बाहेर आली की झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा. कढईतले मीठ पुढच्या वेळी पुन्हा याच कामाला येते.

घरात मधुमेही कोणी असेल तर त्या दिवशी केकऐवजी तिखटमिठाचा ढोकळा करा आणि सर्वांनी तोच खा. एकाला बाजूला बसवून इतरांनी गोड खाल्ले, तर ज्याच्यासाठी घाट घातला तोच एकटा पडतो.

परतफेडीची नोंद

वाणिज्य शाखेत आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात, की प्रत्येक नावे रकमेसमोर तेवढीच जमा रक्कम हवी, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. दुकानाच्या वहीला हे योग्यच आहे. घरात मात्र आपण नकळत तीच वही उघडून बसतो : तीन तास राबले आणि बाबा नुसते ‘बरं झालंय’ म्हणाले! मग चेहरा उतरतो, पुढचे वाढणे आदळआपट करत होते. पदार्थ तोच असतो, पण सात्त्विक देणे तिथेच राजस होते. मीठ कमी आहे असे कोणी सांगितले तर ती निंदा नसते. पुढच्या वेळेसाठी ती माहिती असते. कागदावर लिहून ठेवा.

आणि ओट्याकडेही एकदा पाहा. केक आपण केला, कौतुक आपल्याला मिळाले, आणि पिठाने माखलेली सहा भांडी आई घासते आहे, असे तर नाही ना? ज्यांना आनंद द्यायला निघालो त्यांच्याच वाट्याला काम वाढले, तर देणे अपुरे राहिले. भांडी घासून, ओटा पुसून झाला की मगच पदार्थ पुरा झाला असे समजावे.

पदार्थ फसलाच तर लाजू नये आणि अन्न वायाही घालवू नये. बसलेल्या केकचे तुकडे कोरडे भाजून दुधाबरोबर खाता येतात. घट्ट झालेला पाव वाळवून त्याचा चुरा टिक्क्यांना लावता येतो. करपलेला भाग मात्र काढून टाका. ‘मी केलंय म्हणून खा’ असा आग्रह कोणालाही करू नका.

या आठवड्याचा स्वाध्याय

१. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्यांना काय आवडते आणि काय चालत नाही ते लिहा. एखाद्या नावापुढची जागा रिकामी राहिली, तर त्यांच्यापाशी बसून विचारा.

२. आपल्या गावात मिळणाऱ्या एकाच वस्तूपासून आजवर न केलेला एक पदार्थ निवडा. शक्य असल्यास शेजाऱ्यांकडून शिका.

३. तो निम्म्या प्रमाणात करा. फोटो काढू नका. ‘कसा झालाय?’ असे विचारूही नका. शांतपणे वाढा, सर्वांबरोबर बसून खा आणि भांडी स्वतः घासा.

४. रात्री पाच मिनिटे स्वस्थ बसून पाहा : कोणी काहीच बोलले नाही, तेव्हा मनात काय उमटले?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणाला दाखवायचे नाही. ते वहीत आपल्यापुरते लिहून ठेवा आणि महिनाभराने पुन्हा वाचा.