जुने पेट्रोल : टाकीतला गोंद आणि भोवती जमलेली मुले



कुणाची बदली होते, कुणी परदेशी मुलाकडे जातं, आणि अंगणातली गाडी वर्ष-दीड वर्ष उभीच राहते. मग एका रविवारी ती सुरू करायचं ठरतं. बाबा, काका, पक्कड, पाना आणि भोवती घरातली सगळी पोरं! आजचा पाठ त्या रविवारसाठी आहे. वर्गात घ्यायचा असेल तर पाचवी ते सातवीला चालेल, पण वर्गात पेट्रोलचा एक थेंबही आणायचा नाही. त्याऐवजी काय करायचं ते पुढे सांगते.

आधी मुलं हमखास विचारतात तो प्रश्न : पेट्रोल शिळं होतं का हो बाई? होतं. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातला हलका भाग आधी उडून जातो. इंजिन चटकन पेट घेतं ते याच भागामुळे, म्हणून जुन्या पेट्रोलवर नुसता सेल्फ मारत बसावं लागतं. उरलेल्या भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो आणि चिकट गोंद तयार होतो. घरात दाखवायचं असेल तर तळणाच्या कढईची बाहेरची कड दाखवा. तेलाचे ओघळ वाळून जो पिवळा-तपकिरी चिकट थर बसतो आणि घासून निघत नाही, तसाच थर पेट्रोलच्या नळीत आणि जेटमध्ये बसतो. ताजं पेट्रोल फिकट असतं. बिघडलेलं गडद होतं आणि त्याला आंबूस, रंगाच्या डब्यासारखा वास येतो.

दुसरं कारण आपल्या उसाच्या फडातून येतं. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली, टाकीत पुरेसं पाणी शिरलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. पंप तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनला पहिला घोट त्याचाच! लोखंडी टाकी असेल तर गंजही चढतो. वर्गात रंगीत पाणी आणि गोडेतेल एका पारदर्शक बाटलीत हलवून ठेवा. थर कसे होतात ते मुलं स्वतः सांगतील.

आता सफाई. गाडी दोन-तीन महिनेच उभी असेल तर सहसा ताजं पेट्रोल भरून काम भागतं. वर्षभराचं पेट्रोल मात्र काढूनच टाकावं. त्यात ताजं मिसळून गाडी रेटली तर तो गोंद पुढे इंजिनपर्यंत जातो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं काम माहीतगार माणूस घरी करू शकतो. जागा उघडी हवी, बंद गॅरेज किंवा जिन्याखालची जागा नको. इंजिन थंड असावं, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. पेट्रोल धातूच्या झाकणाच्या डब्यात काढावं आणि डबा जमिनीवर ठेवावा. मग फिल्टर नवा टाकायचा, कार्ब्युरेटरचा तळाचा कप रिकामा करायचा आणि जेट क्लीनरच्या स्प्रेने साफ करायचे. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. जेटमध्ये तार खुपसणारे बरेच भेटतात. तसं करू नये, कारण ते भोक अगदी मापाचं असतं, मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. शेवटी ताजं पेट्रोल भरून, कुठे गळत नाही ना हे बघून मगच बॅटरी जोडायची.

इंजेक्शनच्या गाडीला मात्र घरी हात लावू नका. तिथे नळीतला दाब साधारण ३ बार असतो, म्हणजे टायरमधल्या हवेहून जास्त. नळी सोडली की पेट्रोलचा फवारा उडतो. मेकॅनिक आधी पंपाचा फ्यूज काढून तो दाब उतरवतो. दुकानात मिळणारी इंजेक्टर क्लीनरची बाटली हलकी घाण काढते, वर्षभराचा गोंद नाही.

आणि मुलं? मुलांना लांबच ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, म्हणजे खाली बसून बघणाऱ्या मुलाच्या नाकाशी. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटू शकेल इतकी वाफ सोडतं, त्यामुळे थंडी आहे म्हणून धोका कमी असं समजू नये. लांबवरची ज्योतसुद्धा पुरते. जड वायू खाली कसा वाहतो हे शिक्षकांनी स्वतः दाखवावं : पातेल्यात खायचा सोडा आणि लिंबाचा रस घालावा, फेस बसला की नुसता वायू हळूच पेटत्या मेणबत्तीवर ओतावा. मेणबत्ती विझते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि मुलं बघून शिकतात. ते फुप्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. कुणी पेट्रोल गिळलंच तर उलटी करवू नका, कारण उलटीतून ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ दवाखाना गाठा. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका, मूल पिणारच. हात धुवायलाही ते वापरायचं नाही, साबण आहे ना घरात! आग लागलीच तर पाणी ओतू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं. पावडरचं अग्निशामक किंवा बादलीभर कोरडी वाळू आधीच हाताशी ठेवावी.

उरलेलं पेट्रोल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, विहीर जवळ असेल तर मुळीच नाही. डब्यावर ठळक अक्षरात नाव लिहून गॅरेजवाल्याकडे द्या. पुसायला वापरलेल्या चिंध्या उघड्यावर पूर्ण वाळवा, चुलीपासून लांब.