बोअरची गाडी मध्येच बंद पडू नये म्हणून



गळीत हंगामाआधी कारखान्यात मिलची खोलाखोल आणि दुरुस्ती का होते, हे आपणांस ठाऊक आहेच. मिल थांबली की गाड्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो आणि नुकसान सभासदाचं होतं. बोअरच्या गाडीचंही तसंच आहे. यंत्र ठेकेदाराचं असलं तरी भोक आपल्या रानात पडतं. म्हणून यंत्राची निगा कशी असते, हे बोअर घेणाऱ्यानंही जाणून घेतलं पाहिजे.

माझाच अनुभव सांगतो. उभा ऊस वाळू लागला म्हणून मळ्यात बोअर घ्यायचं ठरवलं. गाडी उशिरा आली. मिस्त्री तपासणीला लागले, तर मीच म्हणालो, "मिस्त्री, ते राहू द्या, आधी बोअर सुरू करा." दीडशे फुटांवर कंप्रेसर तापून बंद पडला. हॅमर तळाशीच होता. वर चढत असलेला चुरा खाली बसला आणि हॅमर आवळला गेला. दोन दिवस खटपट केली, पण हॅमर निघाला नाही आणि भोक सोडावं लागलं. मागाहून पाहिलं तर रेडिएटरची जाळी धुळीनं गच्च भरलेली. अर्ध्या तासाची घाई मला अशी महागात पडली.

यंत्र चालतं कसं?

कंप्रेसरची दाबलेली हवा रॉडमधून खाली हॅमरमध्ये जाते. त्या हवेवर आतला पिस्टन बिटावर ठोके मारतो आणि वरून रॉड सावकाश फिरत राहतात. तीच हवा पुढे फुटलेल्या दगडाचा चुरा भोकातून वर आणते. म्हणजे हवा थांबली की ठोके थांबतात आणि चुराही खाली बसतो. सगळं गणित हवेवर आहे.

सुरू करण्याआधी काय पाहावं?

१) हवा व थंडावा : बोअरच्या जागी धूळ फार. एअर फिल्टर आणि रेडिएटरची जाळी रोज साफ हवी. पाणी व कंप्रेसरचं तेल गाडी सपाट असताना बघावं. कंप्रेसर वाऱ्याच्या अंगाला आणि धूळ दुसऱ्या बाजूला जाईल, अशी गाडी लावावी.

२) हॅमरचं तेल : हॅमरला हवेबरोबर तेल मिळावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा घासून अडकतो. रॉड खाली सोडण्याआधी थोडी हवा सोडून बिटाखाली लांबून पुठ्ठा धरावा. त्यावर तेलाचा ओलावा दिसला तर ठीक. कोरडा राहिला तर काम सुरू करू नये.

३) डिझेल : बॅरलच्या तळचं डिझेल ओढू नये. पाणी आणि गाळ तिथंच बसतो. फिल्टरखालचं पाणी रोज काढून टाकावं.

४) बिट : बिटावरची बटणं झिजून चपटी झाली की ठोका वाया जातो, डिझेल जास्त लागतं. बटणं वेळेवर घासून पुन्हा गोल करून घ्यावीत. झिजलेल्या बिटानं सुरू केलेल्या भोकात मध्येच नवं बिट घालू नये. ते जाड असल्यानं अडकतं.

५) रॉड : रॉड मातीत टाकू नयेत, लाकडावर ठेवावेत. आटे पुसून ग्रीस लावावं. आट्यात खडा गेला की आटा खराब झालाच म्हणून समजा.

६) पाइप : हवेच्या होजच्या जोडाला साखळी हवीच. सुटलेला होज माणसाला जबर मारतो. हायड्रॉलिकची गळती हात लावून कधीही शोधू नये.

चालू असताना

आपल्याकडे काळ्या पाषाणाखाली कधी मांजऱ्या खडक लागतो, कधी तांबड्या गेरूचा थर. थोडं पाणी लागलं की ओला चुरा रॉडभोवती चिखलासारखा बसतो. अशा वेळी जोर लावू नये. हवेबरोबर पाणी सोडून भोक धुऊन घ्यावं. प्रत्येक नवा रॉड जोडण्याआधी चुरा पूर्ण उडवावा. रॉड उलटे फिरवू नयेत, आटे सुटून हॅमर खालीच राहतो. काही बिघाडाची शंका आली तर हवा चालू असतानाच हॅमर वर उचलावा आणि मगच यंत्र थांबवावं.

सभासदानं काय करावं?

गाडी यायच्या आधी वाट आणि जागा सपाट करून ठेवा. काळ्या रानात जॅकखाली घालायला लाकडी ठोकळे ठेवा. वरून विजेची तार जात असेल तर जागा बदला. दर ठरवताना फुटाचा भाव विचारता, तसं हेही विचारा : केसिंग किती, जादा फिल्टर आणि होज बरोबर आहेत का, आणि यंत्र बिघडून भोक वाया गेलं तर पैसे कोणाचे? उत्तर कागदावर घ्या.

बोअर वाया गेलाच तर तो तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडानं भरून टाका. उघड्या बोअरमध्ये मुलं पडतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयानंही २०१० साली तसे निर्देश दिले आहेत.

शेवटी एकच सांगणं. मिस्त्री सकाळी फिल्टर झाडत बसला तर त्याला घाई करू नका. चहा द्या आणि त्याचं काम होऊ द्या. तो अर्धा तास आपल्याच भोकासाठी आहे.