परगावचे लग्न आणि रोलवरचा फोटोग्राफर : व्यवहार लिहून ठेवा

निकाह साधेपणाने व्हावा, ही इस्लामची शिकवण आहे. तरीही लग्न गोवा, महाबळेश्वर किंवा उदयपूरला नेण्याची पद्धत आपल्या समाजातही आली आहे. तिच्यासोबत जुन्या रोलवर फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरलाही पुन्हा मागणी आली आहे. फोटो काढण्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. त्या चर्चेत हा लेख जात नाही. ज्यांनी फोटोग्राफर ठरवायचे निश्चित केले आहे, त्यांनी व्यवहार कसा करावा एवढाच येथे विषय आहे. या व्यवसायात असलेल्या आपल्या तरुणांनाही तो उपयोगी पडेल.

डिजिटल कॅमेऱ्यात काढलेला फोटो लगेच दिसतो. चुकला तर पुन्हा काढता येतो, नको असेल तर पुसता येतो. रोलचे तसे नाही. रोल धुऊन येईपर्यंत आत काय आहे हे फोटोग्राफरलाही दिसत नाही. ईजाब-कबूल काही मिनिटांत उरकते, ते पुन्हा होत नाही. म्हणजे रोलवरच्या कामात गिऱ्हाईक केवळ विश्वासावर पैसे देत असते. असा विश्वास कागदावर उतरवला पाहिजे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. पुढे काय काय लिहावे ते पाहू.

१) रोलची संख्या : ३५ मि.मी.च्या एका रोलवर ३६ फोटो निघतात. मोठ्या १२० नंबरच्या रोलवर कॅमेऱ्याच्या प्रकारानुसार १० ते १६ च. मेहंदी, निकाह व वलीमा मिळून ३५ मि.मी.चे २० रोल ठरले, तर ७२० फोटो झाले. एकविसावा रोल लागला तर त्याचा खर्च कोणाचा? रोलची किंमत, धुलाई, स्कॅनिंग व प्रिंट हे चारही खर्च वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘दिवसाचे इतके’ एवढ्यावर सौदा करू नये.

२) उजेड : बहुतेक रंगीत रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेले असतात. हॉलमधील पिवळ्या दिव्यांत फोटोवर पिवळट छटा येते. निकाह इशाच्या नमाजनंतर असेल तर फ्लॅश लागणारच. म्हणून फोटोग्राफरचे उन्हातले सुंदर नमुने पाहून भुलू नये. रात्रीच्या, बंद जागेतल्या एका संपूर्ण लग्नाचे फोटो दाखवायला सांगावे. निकाहच्या वेळी जोडीला डिजिटल कॅमेरा असेल की नाही, हेही लिहावे.

३) प्रवास : विमानतळावर चेक-इन सामानाची तपासणी करणारी किरणे तीव्र असतात, त्यात न धुतलेला रोल धुरकट होतो. रोल नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावेत. मात्र अनेक विमानतळांवर हातातल्या सामानासाठीही सीटी पद्धतीची यंत्रे आली आहेत आणि तीही न धुतलेल्या रोलला घातक आहेत. हाताने तपासणी करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही. मुंबईहून गोव्याला जायचे असेल तर १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे हा अधिक निर्धोक मार्ग आहे. धुतलेल्या निगेटिव्हला या किरणांची भीती नसते. रोल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. लग्न झाल्यावर सर्व रोल एकाच बॅगेत, एकाच वेळी लॅबला पाठवू नयेत. दोन हिस्से करावेत. पहिला हिस्सा नीट धुऊन आल्यावरच दुसरा द्यावा.

४) स्त्रियांचे फोटो : आपल्या घरांसाठी ही बाब सर्वांत नाजूक आहे. रोलवर आलेला फोटो पुसता येत नाही. शिवाय रोल लॅबमध्ये जातो, स्कॅन होतो; म्हणजे परके लोक तो पाहतात. स्त्रियांच्या बाजूला रोल वापरायचा की नाही, हे घरातील स्त्रियांना विचारूनच ठरवावे. तेथे स्त्री फोटोग्राफरच असावी. लॅबकडील स्कॅन काम संपताच पुसावेत आणि जाहिरातीसाठी एकही फोटो वापरू नये, हे करारात असावे. या कामात आपल्या शिकलेल्या मुलींना हलाल रोजगाराची चांगली संधी आहे.

५) निगेटिव्ह कोणाची : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून छापील करारातील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय सही करू नये. प्रत्यक्ष निगेटिव्ह मात्र वेगळी वस्तू आहे. ती किती दिवसांत आणि कोणाच्या हाती द्यायची, हे तारखेसह लिहावे.

६) पैसे : रक्कम तीन टप्प्यांत द्यावी : काही ठरवताना, काही लग्नाच्या दिवशी आणि बाकी निगेटिव्ह हाती आल्यावर. रोल खराब झाला किंवा हरवला तर किती रक्कम परत मिळेल, हे आधीच ठरवावे. लग्न रद्द झाल्यास बयाणा बुडवावा का, याबाबत फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. जाणकार आलिमांना विचारून अट घालावी. वादापेक्षा ते बरे.

शेवटी दोन शब्द गिऱ्हाइकांसाठी. फोटोग्राफरची राहिलेली रक्कम ही आपल्यावरचे कर्जच आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अल्बम पाहून वाहवा करायची आणि बाकीसाठी सहा महिने फेऱ्या मारायला लावायच्या, हे मुसलमानाला शोभत नाही. फोटोग्राफरनेही जे जमणार नाही त्याचा शब्द देऊ नये. लग्नाच्या घाईत अर्धा तास बसून दोन पाने लिहिली आणि दोघांनी सही केली, तर पुढची कटुता टळेल. अल्लाह आपल्या व्यवहारात सचोटी व बरकत देवो.