ट्रॅक्टरचा ऑइल फिल्टर: घेताना बघा, काढल्यावर कापून बघा



ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या फवारण्या सुरू झाल्या की ब्लोअर रोज लागतो. तेव्हा ट्रॅक्टर दोन दिवस जरी गॅरेजला पडला, तरी बाग धोक्यात येते. म्हणून आज औषधाऐवजी ऑइल फिल्टरचं बोलू.

*दिव्यावर विसंबू नका*
फिल्टरचा कागद चोंदला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातं. दाब टिकून राहतो, म्हणून ऑइलचा दिवा लागत नाही. गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने स्वस्तातला फिल्टर काढल्यावर कापून पाहिला. आतला डिंक सुटलेला, कागदाच्या घड्या एका बाजूला कोसळलेल्या. दिवा एकदाही लागला नव्हता!

*कधी बदलायचा?*
बागेत ट्रॅक्टर माणसाच्या चालीने जातो, पण पीटीओसाठी इंजिन मोठ्या रेसवर असतं. त्यामुळे अंतर बघू नका, अवर मीटर बघा. पुस्तिकेत दिलेले तास भरले की ऑइल आणि फिल्टर दोन्ही एकत्र बदला.

*दुकानात*
१. पुस्तिकेतला पार्ट नंबर सांगा. नुसते आटे जुळून भागत नाही, बायपासचा दाब वेगळा असू शकतो.
२. रबरी रिंग मऊ आणि सपाट हवी. आट्यांत कीस नको.
३. वजनावर जाऊ नका. पत्रा जाड असला म्हणजे कागद चांगला असतोच असं नाही.
४. पक्कं बिल घ्या.

*बसवताना*
जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, बघा. नव्या रिंगला स्वच्छ ऑइल लावा. फिल्टर हातानेच आवळा, पाना लावू नका. रिंग टेकल्यावर किती फिरवायचा ते फिल्टरवर लिहिलेलं असतं. इंजिन चालू करून गळती तपासा.

*सकाळची परीक्षा*
बसवल्यावर पहिल्यांदा दिवा विझायला थोडा वेळ लागतो, ते चालतं. पण पुढे रोज सकाळी जास्त वेळ लागू लागला, तर रात्रीतून फिल्टरमधलं ऑइल खाली उतरत असावं. आधी डिपस्टिकवर ऑइल बघा, मग मेकॅनिकला दाखवा.

*जुना फिल्टर कापताना*
पूर्ण निथळू द्या. ग्राइंडर वापरू नका, त्याचाच कीस आत पडतो. गॅरेजमध्ये फिल्टर कटरने कापून घ्या. कागद पसरून चुंबक फिरवा:
▪ नुसता काळा गाळ: नेहमीचं आहे.
▪ चुंबकाला चिकटणारा कीस: लोखंडी भाग झिजतोय.
▪ न चिकटणारे चकचकीत कण: बेअरिंगची शंका.
▪ दुधाळ ऑइल: पाणी शिरलंय.
शेवटच्या तिन्हींत ट्रॅक्टर फवारणीला काढण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

जळकं ऑइल बांधावर किंवा चारीत ओतू नका, कॅनमध्ये साठवा.

फिल्टर कापलात तर कागदाचा फोटो आणि अवर मीटरचा आकडा ग्रुपवर टाका, सगळे मिळून बघू.