परसातील बियाणे

पूर्वी अनेक घरांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू व केळी आणि मांडवावर दोडका असे. वेलीवरचे उत्तम फळ आजी कोणास तोडू देत नसे. ते बियाण्यासाठी राखलेले असे. परसबाग मोडली की हे बियाणेही नाहीसे होते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी असे गावरान वाण जतन केले. त्याबद्दल त्यांना २०२० ची पद्मश्री लाभली.

दोडक्याचे निरोगी फळ वेलीवरच वाळू द्यावे. बी सावलीत सुकवून कोरड्या राखेत मिसळावे व झाकणाच्या मडक्यात ठेवावे. कडू फळे देणाऱ्या वेलीचे बी राखू नये; संकरित वाणाचेही राखू नये, कारण त्यापासून एकसारखे पीक येत नाही. ग्रामसेवकांनी गावातील वृद्ध स्त्रियांकडे जुन्या बियाण्याची आवर्जून चौकशी करावी.