प्रवेशाच्या मुलाखतीस जाताना

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगतात. म्हणूनच की काय, प्रवेशाच्या मुलाखतीचे बोलावणे आले की पेडणे-डिचोलीच्या घरांत पहिली धावपळ होते ती कपड्यांची. कोणी उसना कोट आणतो, कोणी ऐपत नसता नवे बूट घेतो. आणि मुलाच्या मनात एकच भीती घर करते : आपण खेड्यातले, तेथे आपला निभाव कसा लागणार? ही भीती दूर व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. तोवर कला-विज्ञानाच्या पदवीसाठी आमच्या मुलांना बेळगाव, पुणे, मुंबई गाठावी लागे. 1962 साली पणजीस धेंपे व मडगावास चौगुले महाविद्यालय निघाले. आज तर विर्नोडा, डिचोली, साखळी येथेही महाविद्यालये आहेत. साध्या पदवीचा प्रवेश मुख्यतः गुणांवर होतो. परंतु व्यवस्थापनासारख्या अभ्यासक्रमांना लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. 1993 साली स्थापन झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही संस्था आता साखळीजवळ पर्ये येथे आहे. देशभरातील मुले तेथे शिकतात. आपल्या मुलांनी मात्र दाराशी असलेल्या संस्थेस बिचकावे, हे बरे नव्हे.

प्रथम पोशाखाविषयी. मुलांनी फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा सदरा व गडद विजार घालावी. मुलींना साधा सलवार-कमीज उत्तम. साडीची सवय असेल तर साडीही शोभते, पण त्याच दिवशी प्रथम नेसू नये. संस्थेने सांगितले असेल तरच कोट घालावा. कपडा नवा असल्यास आधी दोनदा घालून, खुर्चीवर बसून पाहावे. अंगावरील कपड्याचा आपल्यालाच विसर पडावा, हीच चांगल्या पोशाखाची खूण होय. पावसाळ्याचे दिवस असतील तर बूट पिशवीत न्यावेत व तेथे पोचल्यावर घालावेत.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि मागितला असल्यास पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, हे कागद क्रमाने लावावेत. मूळ प्रती वेगळ्या, नकला वेगळ्या. आदल्या रात्री आपलाच अर्ज पुन्हा वाचावा, कारण बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात.

आत बहुधा दोन-तीन परीक्षक असतात. नमस्कार करावा, सांगितल्यावर बसावे. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘हाच विषय का घेता?’, ‘अलीकडे काय वाचलेत?’ हे प्रश्न ठरलेलेच समजावेत. उत्तरे पाठ करू नयेत. पाठ केलेले उत्तर अनुभवी परीक्षक लगेच ओळखतो. त्याऐवजी आपल्या घरचे, गावचे नीट पाहून जावे. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा डिचोली तालुक्यात कित्येक दारांपुढे ट्रक उभे राहिले. ज्या मुलाने कर्जाचा हप्ता, डिझेल आणि फेऱ्या यांचा हिशेब घरात ऐकला, त्याने व्यवस्थापनाचा पहिला धडा गिरवलेलाच आहे. पेडण्याच्या मुलीने काजूच्या बियांचा भाव कोण ठरवतो एवढे सांगितले, तरी परीक्षक कान देऊन ऐकतील. मुलाखत असते ती गुणपत्रिकेत न दिसणारा माणूस पाहण्यासाठी. तोच जर आपण उसन्या कोटाखाली झाकला, तर त्यांनी पाहावे काय?

इंग्रजीची धास्ती अनेकांना असते. घरी कोकणी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी असा आमच्या मुलांचा प्रवास. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. लहान वाक्ये बोलावीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी. उत्तर येत नसेल तर तसे सरळ सांगावे. ‘ठाऊक नाही’ म्हणण्याने कमीपणा येत नाही. थाप मात्र पुढच्याच प्रश्नात उघडी पडते.

पालकांनी दारापर्यंत जावे, आत डोकावू नये, आणि बाहेर आल्याबरोबर ‘काय झाले?’ असा भडिमार करू नये.

शेवटी सभासदांस एक विनंती. आपल्यापैकी ज्यांनी अशा मुलाखती दिल्या-घेतल्या आहेत, त्यांनी वाड्यावरील एखाद्या मुलास वा मुलीस संध्याकाळी समोर बसवून दहा प्रश्न विचारावेत. त्या अर्ध्या तासाचे मोल ट्रस्टला दिलेल्या देणगीहून कमी नाही, असे आम्ही मानतो.