एक सर्व्हर, अनेक हात : रुग्णनोंदींच्या रक्षणाचा एक पाठ

रुग्णाने नोंदणी खिडकीवर सांगितलेला आजार, प्रयोगशाळेचे निष्कर्ष, औषधालयातील नोंदी आणि देणगीदाराची पावती ही माहिती अनेक रुग्णालयांत एका सामायिक सर्व्हरवर असते. निरनिराळ्या कक्षांतील कर्मचारी आपापल्या टेबलावरून त्याच यंत्रात प्रवेश करून काम करतात. टेबलावरचे संगणक साधे असले तरी चालत असल्याने धर्मादाय संस्थेस ही व्यवस्था परवडते. मात्र एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे असली, की कोणत्या खोलीची किल्ली कोणाकडे हे ठरवावे लागते. हे ठरविण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे ‘ग्रुप पॉलिसी’. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांना तिचा परिचय व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

नियम कोणाला लागतो?

मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ ही वापरकर्ते व संगणक यांची मध्यवर्ती सूची आणली व तिच्या आधारे ग्रुप पॉलिसी दिली. नावात ‘ग्रुप’ असला तरी नियमावली गटाला जोडली जात नाही. ती सूचीतील विभागाला जोडतात. त्या विभागातील कोणाला ती लागू व्हावी आणि कोणाला नाही, हे गाळून घेण्यासाठी गटांचा उपयोग होतो.

येथे एक अडचण उद्भवते. लेखा विभागातील लेखनिकास स्वतःच्या संगणकावर काही मोकळीक हवी असते. पण सर्व्हरवर त्याच व्यक्तीने कंट्रोल पॅनेल उघडणे किंवा सर्व्हर बंद करणे इष्ट नाही. वापरकर्त्याचे नियम एरवी व्यक्तीमागून जातात. ते यंत्रानुसार बदलावेत यासाठी ‘लूपबॅक’ ही सोय आहे. सर्व्हरला सूचीत स्वतंत्र विभागात ठेवून त्या विभागाच्या नियमावलीत ती सुरू करतात. तिचे दोन प्रकार आहेत. ‘रिप्लेस’मध्ये व्यक्तीचे मूळ नियम बाजूस सारले जातात, ‘मर्ज’मध्ये दोन्ही लागू होतात व विरोध आल्यास सर्व्हरचा नियम वरचढ ठरतो.

व्यवस्थापकाच्या गटाला मात्र हे निर्बंध स्पष्टपणे नाकारावे लागतात. अन्यथा दुरुस्ती करणाराच अडकून पडतो. जून २०१६ च्या सुरक्षा सुधारणेनंतर वापरकर्त्याचे नियमही संगणकाच्या ओळखीने वाचले जातात. त्यामुळे केवळ एखाद्या गटापुरती नियमावली मर्यादित करताना संगणकांना वाचनाची परवानगी ठेवणे विसरू नये. ती नसेल तर नियम लागूच होत नाहीत. बदल केल्यावर साधारण ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकाने, नियम ताजे होतात; काही नियम पुन्हा प्रवेश केल्यावरच लागतात. म्हणून प्रथम चाचणीच्या खात्यावर पडताळणी करावी.

पडदा आणि कुलूप

सर्व्हरची ड्राइव्ह पडद्यावरून दिसेनाशी करता येते; पण लपविणे म्हणजे संरक्षण नव्हे. ज्याला मार्ग ठाऊक आहे तो अन्य वाटेने फाइलपर्यंत पोहोचू शकतो. खरे कुलूप म्हणजे प्रत्येक फोल्डरवरील परवानग्या. अनोळखी प्रोग्राम चालू नयेत यासाठी २००९ पासून ‘ॲपलॉकर’ची सोयही आहे. हे सारे एकमेकांस पूरक आहे.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. एचआयव्ही व एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णांची माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले आहे. एखाद्याचा अहवाल गावात पोहोचला, तर औषधाने भरून न येणारी हानी होते. याउलट निर्बंध अवास्तव कडक झाले, तर रात्रपाळीच्या परिचारिकेला तातडीचा अहवाल उघडण्यास विलंब होतो. मग एकच पासवर्ड अनेकांत फिरू लागतो आणि नोंद कोणी पाहिली हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक कक्षाची गरज विचारून, कामापुरता अधिकार देणे हेच योग्य धोरण होय.

विश्वस्तांनी कोणाला कोणता अधिकार आहे याची यादी वर्षातून एकदा तरी मागवावी. सेवा सोडून गेलेल्यांची खाती बंद झाली की नाही, हेही पाहावे. देणगीदारांनी यंत्राइतकेच त्याच्या देखभालीलाही साहाय्य करावे. आणि खिडकीवरील कर्मचारी ‘ही माहिती मला उघडता येत नाही’ असे म्हणाला, तर आप्तांनी ती टाळाटाळ समजू नये. त्याच नियमाने आपल्याही रुग्णाची नोंद सुरक्षित राहते.